पाण्याच्या डाव्या हाताला

माझं चष्म्याचं दुकान इंदापुरात ज्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं, त्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला तोंडघशी पाडलं. पाटी ठोकायची होती. "डाव्या खोलीत हातोडी हाय, घ्या," ते म्हणाले. मी डाव्या खोलीत शिरलो, तर ते देवघर. नवा भाडेकरू, त्यात मुसलमान, त्यात पायात चपला. समोर त्यांच्या पत्नी निरांजनात वात घालत बसलेल्या. मला वाटलं, आजच गाशा गुंडाळावा लागणार. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हातोडी पल्याडच्या खोलीत हाय. तुमी पयले न्हाय."

बाहेर आलो तर आबा, म्हणजे आमचे घरमालक, माझ्यावरच वैतागलेले. त्यांनी मला खांद्याला धरून गर्रकन वळवलं. "घरामागनं कालव्याची चारी जाती. पाणी हिकडनं तिकडं जातंय. पाणी जातंय तिकडं तोंड करा. आता सांगा, डावा हात कुठला?"

मी दाखवला.

"मग? देवघर डावीकडं हाय का?"

नव्हतं. त्यांच्या हिशेबानं देवघर उजवीकडे होतं. मी चपला काढून पुन्हा आत गेलो आणि आक्कांची माफी मागून आलो. आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "माफी कशाची? चाळीस वर्सं नांदतीय मी. अजून मला माझा डावा हात कुठला ते नीट ठावं न्हाय."

आबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी डाव्या कालव्यावर गेली. कालव्याचा डावा-उजवा काठ पाणी जातं तिकडे तोंड करून ठरवतात, हा खात्याचा नियम. तो सगळ्याच कालवेवाल्यांना ठाऊक असतो. पण बाकीचे तो कचेरीत ठेवून घरी येतात, आबांनी तो घरी आणला. ताटात मीठ डाव्या बाजूला वाढायचं म्हटलं तरी ते आधी मागच्या चारीकडे बघायचे. चारी नसेल तिथे जमिनीचा उतार विचारायचे. एकदा एका लग्नाच्या वऱ्हाडाला त्यांनी मंगल कार्यालयाचा रस्ता सांगितला आणि ते वऱ्हाड नवरदेवासकट गुऱ्हाळावर जाऊन पोहोचलं. मी म्हटलं, "आबा, मुहूर्त टळला असता." तर म्हणे, "त्यांनी पाण्याकडं पाठ केली, त्याला मी काय करू?"

त्यांना एकच जागा भारी पडली, ती नरसिंहपूर. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन गेलो होतो. देवळातनं खाली घाटावर आलो. इकडून भीमा, तिकडून नीरा. आबा बराच वेळ बघत उभे राहिले. मी मुद्दाम विचारलं, "आबा, गाडी कुठं लावली आपण? डावीकडं का उजवीकडं?" त्यांनी एका पाण्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "हितं माझं काय चालत न्हाय," ते म्हणाले, आणि पायरीवर बसून राहिले.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे टेल. कालव्याच्या शेवटाला सगळे टेलच म्हणतात. इंदापूरची माणसं टेलची. वरच्या अंगाला दारं उघडली की खाली पाणी पोहोचेल का, ह्या घोरात पिढ्या गेल्या. आबांचं म्हणणं, पाणी शेवटच्या वावरात पोहोचलं तरच ते सोडलं असं म्हणायचं, नाहीतर नुसतं सांडलं. इथपर्यंत कुणाचंही दुमत नसतं. पण आबा पंगतीत वाढायला उभे राहिले की पार शेवटच्या माणसापासून वाढत वर यायचे. मानाचे पाहुणे रिकाम्या पत्रावळीसमोर बसलेले आणि कोपऱ्यातला बँडवाला बुंदी चेपतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात गर्दी झाली की आबा दारातून ओरडायचे, "पयलं शेवटच्याला घ्या!" त्यावरनं माझ्या गिऱ्हाइकांत दोनदा हातघाईवर आलेलं आहे. मी चिडायचो. खरंच चिडायचो. रात्री जेवताना बायकोला म्हणायचो, की जागा बदलू. ती म्हणायची, "ईदेला शीरखुर्मा न्यायला मग दुसरं घर बघा." मग मी भाकरी मोडायला लागायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी आबा दुकानात येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि डोकं तिरकं करून बघत म्हणाले, "चष्मेवाले, तुमी आज दोन दिसताय. एक वर, एक खाली जरा बाजूला. खालचा बरा दिसतोय."

मला हसू आलं, पण मी त्यांना खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला, विचारलं. एकच दिसतोय म्हणाले. दुसरा झाकला. तरी एकच. दोन्ही उघडे ठेवले की दोन. हे चष्म्याचं काम नव्हतं. उजवा डोळा सरकला होता. तरुणपणी कालव्याच्या भरावावरून मोटारसायकलसकट पडून त्यांचा तो डोळा तिरळा झालेला होता, आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालेलं होतं, एवढं मला माहीत होतं. इतकी वर्षं टिकलेलं ते आता ढिलं पडलं होतं.

मी सांगूनही त्यांनी महिनाभर ऐकलं नाही. एक दिवस चारीवरच्या फळीवरून पलीकडे जाताना त्यांना दोन फळ्या दिसल्या. त्यांनी वरची निवडली. आक्कांनी लुगड्याचा काष्टा खोवून त्यांना बाहेर ओढलं. त्यानंतर मात्र आबा घराबाहेर पडेनात. जो माणूस रोज सकाळी चालत जाऊन पाण्याची उंची बघून यायचा आणि आल्यावर न विचारता मला ती सांगायचा, तो माझ्या दुकानाच्या बाकावर एका डोळ्यावर तळवा धरून बसू लागला. पंगतीला बोलावणं आलं तर म्हणायचे, "मी कुठं वाढू? पत्रावळ सोडून जमिनीवर पडंल." माझ्या गिऱ्हाइकांना रांग मोडायला सांगणारं कुणी राहिलं नाही. मला ते बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

शेवटी आक्का आणि मी त्यांना बारामतीला घेऊन गेलो. तिथे डोळ्यांच्या एका दवाखान्यात दर आठवड्याला दोन दिवस पुण्याहून एक डॉक्टरीणबाई यायच्या, तिरळेपणाच्या ऑपरेशनात मुरलेल्या. त्यांनी आबांना तपासलं आणि कागदावर डोळ्याचं चित्र काढलं.

"आबा, डोळा हलवायला चार सरळ स्नायू. वर एक, खाली एक, नाकाकडे एक, कानाकडे एक. ऑपरेशन म्हणजे यातला एखादा डोळ्यापासून सोडवायचा आणि दुसऱ्या जागी शिवायचा. पण या स्नायूंच्या अंगानंच बारीक रक्तवाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागाला जातात. तिघांबरोबर दोन-दोन, कानाकडच्याबरोबर एकच. स्नायू सोडवला की त्या तुटतात. पुन्हा पहिल्यासारख्या जुळत नाहीत."

आबा खुर्चीत पुढे सरकले. मी ओळखलं, गडी जागा झाला.

"म्हंजे चार दारं. आन् बुबुळ टेलला."

बाईंनी पेन थांबवलं. "टेल?"

"शेवटचं वावर, बाई. वरची समदी दारं एकदम पाडून बंद केली तर टेलला पाणी कुठनं येणार?"

"अगदी तेच," बाई म्हणाल्या. "रक्त कमी पडलं तर डोळ्याचा पुढचा भाग सुकायला लागतो. सूज, दुखणं, बाहुली हलत नाही, कधीकधी नजरही जाते. आतल्या बाजूनंही दोन वाहिन्या येतात, वर्षं गेली की थोडा आडवाटेनंही पुरवठा होतो. पण तुमचं वय आहे, शुगर आहे, तेव्हा मी त्या भरवशावर राहत नाही. एक तरी दार मला चालू ठेवायचंय. म्हणून मागच्या वेळी कुठले स्नायू सोडवले होते, ते नक्की कळायला हवं."

कागद नव्हते. आबांनी ते खात्याच्या पेटीत ठेवले होते आणि पेटी चारी फुटून घरात शिरलेल्या पाण्यात लगदा झाली होती. तेवढ्यात खालून पहारेकऱ्यानं गाडी काढायला हाक मारली, म्हणून मी गेलो. परत आलो तेव्हा बाईंचे मदतनीस, एक तरुण डॉक्टर, आबांसमोर बसून फॉर्म भरत होते. आबांनी सगळं सांगितलं होतं म्हणे. तारीख ठरली.

ऑपरेशनच्या दिवशी आबांना हिरवा झगा घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. आक्का बाकावर हातात त्यांचं धोतर घडी करून बसल्या होत्या. माणूस सोबत हवा म्हणून सही माझी. सिस्टरनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. "उजवा डोळा. पूर्वी सोडवलेले स्नायू, वरचा आणि कानाकडचा. आज कानाकडचा पुन्हा, आणि खालचा." मी पेन टेकवलं.

हिशेब सोपा होता. वरचं दार जुनं बंद. कानाकडचं जुनं बंद, ते पुन्हा उकललं तरी नवीन नुकसान नाही. खालचं आज बंद होणार. नाकाकडचं चालू राहणार. एक दार शिल्लक. बाईंनी सांगितल्याबरहुकूम.

पण माझ्या डोक्यात ती हातोडी आली. कानाकडचा? आबा कधी 'कानाकडचा' म्हणणार नाहीत. नाक, कान हे शब्द त्यांच्या नकाशात नव्हतेच.

मी सिस्टरना विचारलं, "आबांनी 'कानाकडचा' असं सांगितलं?"

"फॉर्मवर तसंच आहे, काका. सही करा."

खरं सांगतो, मला लाज वाटली. मी चष्मे विकणारा माणूस. पुण्याहून आलेल्या डॉक्टरांच्या कागदात बोट घालायचं मी कोण? आणि माझं चुकलं तर दवाखान्याचा दिवस फुकट, आबांची तारीख गेली. पण बरोबर असलं तर? सही माझी होती. मी खुर्चीसमोर गुडघ्यावर बसलो.

"आबा, त्या दिवशी डॉक्टरांना काय सांगितलंत? कुठली दारं पाडली होती?"

"वरचं आन् डावं."

"डावं म्हणजे कुठलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी वर्षं त्यांच्या घरात दुकान चालवून मी काहीच शिकलो नव्हतो. "चष्मेवाले, रक्त डोक्यातनं डोळ्याकडं येतंय. मागनं पुढं. म्हंजे तोंड पुढं. माझं तोंड हाय तसंच. आता उजव्या डोळ्याचं डावं दार कुठलं?" आणि त्यांनी बोट नेऊन टेकवलं ते नाकाच्या उंचवट्यावर.

तरुण डॉक्टर त्यांच्या समोर बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला आबांच्या उजव्या डोळ्याची कानाकडची बाजू येत होती. त्यांनी इमानदारीनं तीच लिहिली होती.

म्हणजे नाकाकडचं दार जुनंच बंद होतं. कानाकडचं, त्या एकाच वाहिनीचं, अजून चालू होतं आणि आज तेच कापायचं ठरलं होतं. खालच्यासकट. चारीच्या चारी दारं बंद झाली असती, आणि सगळ्यांनी समजूत करून घेतली असती की एक उघडं आहे.

मी पेन सिस्टरच्या हातात दिलं आणि म्हणालो, "बाईंना बोलवा. त्या आल्याशिवाय मी सही करत नाही." आवाज जरा चढलाच असावा, कारण आक्का उठून उभ्या राहिल्या.

बाई टोपी-मास्कमध्येच बाहेर आल्या. मी जमेल तसं सांगितलं. हातोडी, देवघर, वऱ्हाड, सगळं. मी किती वेडगळ दिसत असेन याची मला कल्पना होती. तरुण डॉक्टर पांढरेफटक पडले. बाई मात्र आबांची खुर्ची स्वतः ढकलत तपासणीच्या यंत्राकडे घेऊन गेल्या. हनुवटी टेकवायला लावली, दिवा लावला, आणि नाकाकडच्या बाजूचा पांढरा भाग बराच वेळ बघितला. मग कानाकडचा. मग पुन्हा नाकाकडचा. आक्कांनी माझं मनगट धरलं होतं, आणि बांगड्या रुतत होत्या तरी मी ते सोडवलं नाही.

"नाकाकडे फिकट व्रण आहे," बाई म्हणाल्या. "आणि वाहिन्या दिसत नाहीत. कानाकडे मात्र एक ठसठशीत आहे." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून मी मागच्या वेळी तेच पाहिलं. यात चूक माझी." मग तरुण डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "यापुढे आपल्याकडे डावं-उजवं फक्त डोळा सांगायला. स्नायू सांगताना नाक आणि कान." त्या त्यांच्यावर ओरडल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं.

"मग आता?" आक्कांनी विचारलं.

"उजव्या डोळ्याला आज हात लावायचा नाही. दोन डोळे एका रेषेत आणायचे, ते दुसऱ्या डोळ्यावरूनही जमतं. त्याची चारही दारं शाबूत आहेत. त्यातले दोन स्नायू घेईन, दोन राहतील. आबा, डाव्या डोळ्यावर करूया?"

आबांनी भुवई वर केली. "कुणाच्या डाव्या?"

पहिल्यांदा बाई हसल्या. मग सिस्टर हसल्या, आणि मी हसता हसता मटकन बाकावर बसलो. बाईंनी स्वतः जांभळी शाई घेऊन आबांच्या डाव्या भुवईवर ठळक फुली मारली, आबांनी ती आरशात तपासली, आणि मगच खुर्ची आत गेली. नवा कागद लिहून आला, तो मी दोनदा वाचला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना आक्का आणि मी, दोघंही आत होतो. डोळा लालभडक झाला होता. बाईंनी बॅटरी मारली. बाहुली झटकन बारीक झाली. त्यांनी पुन्हा मारली, आणि मग आपल्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाल्या, "आबा, टेलला पाणी आहे."

"त्या दुसऱ्याच्याबी टेलला बघा," आबा म्हणाले.

बाईंनी उजव्यातही बॅटरी मारली. "तिथेही आहे."

मग आबांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहिलं. डोकं तिरकं केलं, सरळ केलं. "एकच हायसा," ते म्हणाले. "वरचा गेला. खालचाच ऱ्हायला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

सिस्टरनं थेंबांची बाटली आक्कांच्या हातात दिली. दिवसातून चार वेळा, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात. आक्का बाटली घेऊन आबांसमोर उभ्या राहिल्या आणि घाबरल्या. फुली पुसली गेली होती, आणि बॅटरीनं दिपून आबांनी आता दोन्ही डोळे मिटून घेतले होते. "कुठल्या डोळ्यात वो?" त्यांनी विचारलं. "नीट सांगा. आज तरी नीट सांगा."

मी तोंड उघडणार होतो. आबांनी हात वर करून मला थांबवलं. मग मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे करून चाचपडत त्यांनी आक्कांचं बाटली धरलेलं मनगट धरलं.

"तुझ्या उजव्या हाताला हाय," ते म्हणाले. "तू हुबी हायस तितनं."

आक्कांना पहिला थेंब नीट सोडता आला नाही, तो आबांच्या गालावर पडला. दुसरा बरोबर पडला.